गयाकाकूंचं रडणं

लोक भेटले की मला बहुतेकदा एकच प्रश्न विचारतात. लग्नात विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात कापसाचा बोळा कोंबून विचारलं, "ताई, तुम्ही पडद्यावर खरंच रडता का हो?" मला मान हलवण्यापलीकडे काही करता येईना. त्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला आणि खूश होऊन न दुखणारी दाढसुद्धा तपासून दिली.

संपादकांनी माझ्याकडे गाजलेल्या भूमिकांवर लेख मागितला. यादी करायला बसले, तर लक्षात आलं की पडद्यावर मी नऊ मुलगे, चार नवरे आणि एक दीर गमावलेला आहे. दीर का गमावला ते आता आठवत नाही, पण त्याच्यासाठीही पोटभर रडले होते. तेव्हा भूमिकांचं राहू द्या, रडण्याबद्दलच लिहिते. माझं घरदार, मुलांची शिक्षणं, लोकांनी केलेलं कौतुक, सगळं त्याच्यावरच उभं आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रडणं म्हणजे भावना. आमच्या धंद्यात ते आधी वेळापत्रक असतं. एकच प्रसंग आधी लांबून टिपतात, मग मध्यावरून, आणि शेवटी कॅमेरा थेट चेहऱ्यापाशी आणतात. म्हणजे तुमचा मुलगा सकाळी दहाला लांबून मरतो, साडेअकराला मध्यावरून मरतो, आणि जेवणाची सुट्टी झाल्यावर जवळून मरतो. प्रत्येक वेळी अश्रू त्याच डोळ्यातून, त्याच शब्दाला आला पाहिजे. पहिल्या सिनेमात मला हे ठाऊक नव्हतं. लांबच्या शॉटमध्येच मी इतकी रडले की जवळच्या वेळी डोळे कोरडे ठणठणीत. आमचे कॅमेरामन वयस्कर होते, शेतकऱ्याघरचे होते. ते म्हणाले, "बाई, सगळं पाणी पहिल्याच वाफ्याला सोडलंत, आता शेवटच्या वाफ्याचं काय?" तेव्हापासून मी पाणी बेतानं सोडायला शिकले.

पाणी आलंच नाही तर ग्लिसरीन असतं. डोळ्याच्या कडेला लावलं की डोळा चुरचुरतो आणि गळायला लागतो. त्यात कमीपणा काही नाही, मोठमोठे लोक लावतात. मला मात्र सुरुवातीची काही वर्षं ते लागलं नाही. निर्मात्यांत माझं नावच पडलं होतं, 'बिनग्लिसरीनची बाई'. लोकांना वाटायचं ही काहीतरी दैवी देणगी. दैवी वगैरे काही नव्हतं. मी कुरुंद्याची होते, एवढंच.

कुरुंदा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं मोठं गाव. हळदीचं गाव. आमच्याकडे मयत झालं की बाई नुसती रडत नाही, बोलून रडते. बाहेरगावची नातेवाईक बाई एसटीतून उतरते ती डोळे पुसत चालते, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर आली की तिथूनच तिचा आवाज चढतो. ती देवाशी बोलत नाही की नशिबाशी बोलत नाही. ती गेलेल्या माणसाशी बोलते. त्याला जाब विचारते, त्याची माफी मागते, त्याच्यावर चिडते, म्हशीला आता पाणी कोण पाजणार ते विचारते. चारचौघांत एरवी जे बोलायची सोय नाही ते सगळं ती त्या तासाभरात बोलून घेते.

आणि याला एक नियम आहे. रडताना बाई जे बोलली ते पुन्हा कोणी तोंडातून काढायचं नाही. आई म्हणायची, "मयतातलं उचलू नाही." आमच्या गल्लीतल्या एका बाईनं नवऱ्याच्या मयतावर, सगळ्या भावकीसमोर, त्याच्या दारूचं आणि माराचं सगळं बोलून टाकलं होतं. पुढे हापशावर तिची कितीतरी भांडणं झाली. आमच्या हापशावर भांडण लागलं की सात पिढ्या बाहेर निघतात. पण तिला ते बोललेलं कोणी कधी ऐकवलं नाही. लहानपणी मला हे साधंच वाटायचं, जसं चप्पल बाहेर काढायची तसं.

गयाकाकू आमच्या शेजारी राहायच्या. नाव मी बदललेलं आहे. दोन घरांत एकच भिंत, आणि भिंतीला बुक्की मारली की काकूंनी "काय गं?" म्हणायचं, अशी आमची टेलिफोनची सोय. आई हळदीच्या कामाला गेली की माझी वेणी काकू घालायच्या. केस इतके ओढून बांधायच्या की दिवसभर माझे डोळे चिन्यासारखे दिसत. त्यांना एकुलता एक मुलगा, त्याला आपण बबन म्हणू. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. मी कॉलेजच्या नाटकातून औरंगाबादला आणि तिथून मुंबईला गेले, तेव्हा माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत बबनच आला होता. म्हणाला, "ताई, सिनेमात आलीस की मला हिरोच्या बाजूला उभा कर." मी म्हटलं, "हिरो पळून जाईल की रे."

नव्वदीच्या सुरुवातीला, मला किरकोळ कामं मिळू लागली होती त्या काळात, मी हळदीच्या दिवसांत गावी आले होते. एका सकाळी बबन शेतात मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागून गेला. बाजेवर घालून आणला. काकू भाकरी टाकत होत्या, तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या.

मी भिंतीला टेकून बसले होते. मीही रडत होते. खोटं सांगत नाही, मनापासून रडत होते. पण माझ्याच आत एक दुसरी बाई कोरड्या डोळ्यांनी बसली होती आणि ती ऐकत होती. काकू श्वास कुठे घेतात, कुठल्या शब्दावर आवाज फुटतो, गुडघ्यावरचा हात कसा उघडतो आणि मिटतो, हे ती टिपून घेत होती. त्या दिवशी सकाळी घरातून निघताना मायलेकांत काहीतरी झालं होतं. अगदी छोटं, कुठल्याही घरात रोज होतं तसं. काकूंनी त्याला काहीतरी नाकारलं होतं आणि एक शब्द टाकून बोलल्या होत्या. रडताना त्या परत परत तिथेच येत होत्या, बबनला तेच सांगत होत्या. ते काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. एकदा केलेली चूक दुसऱ्यांदा करायची नाही.

दोन वर्षांनी मला पहिली मोठी भूमिका मिळाली. मुलगा पुरात वाहून गेलेली आई. दिग्दर्शक शहरातले होते, हुशार होते, पण त्यांनी त्या प्रसंगाला लिहिलेला संवाद वाचून मला हसू आलं. त्यातली आई आभाळाकडे हात करून दैवाला दोन पानं प्रश्न विचारत होती. मी म्हटलं, "आमच्याकडे असं नाही रडत." ते म्हणाले, "मग कसं रडतात ते दाखवा. कॅमेरा चालू ठेवतो."

मी बसले आणि गयाकाकू झाले. श्वास त्यांचा, हात त्यांचा. पुरात वाहून गेलेल्या त्या खोट्या मुलाला मी त्या सकाळची खरी गोष्ट सांगितली, काकूंच्याच शब्दांत. दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरले. दिव्यांपाशी उभा असलेला माणूस टॉवेलनं तोंड पुसत होता. पुन्हा शॉट घेतला नाही. लांबून, मध्यावरून, काही नाही, जे झालं तेच ठेवलं. त्या सिनेमासाठी मला पुरस्कार मिळाला आणि पुढची सगळी कामं त्या चार मिनिटांनी आणून दिली.

त्या वेळी मला काकूंची आठवण झाली नव्हती का? झाली होती. पण आपण काही वाईट केलं असं वाटलं नाही. उलट वाटलं, काकूंना बरं वाटेल, त्यांचं दुःख एवढ्या लोकांपर्यंत पोचलं म्हणून. मुंबईत चार वर्षं काढली की माणसाला असलं काहीही वाटू शकतं.

एका रविवारी दुपारी तो सिनेमा टीव्हीवर लागणार होता. गावानं माझा सत्कार ठेवला. एका बागायतदाराकडे टीव्ही होता तो त्याच्याच ओसरीवर मांडला, आणि लाइटचा भरवसा नको म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. शाल, नारळ, भाषणं झाली. भाषणात एकानं मला 'कुरुंद्याची कन्या' म्हटलं आणि आईनं पदरानं तोंड झाकलं. गयाकाकू मागे खांबाशी बसल्या होत्या. मी स्वतः उठले, त्यांचा हात धरला आणि त्यांना पुढे, टीव्हीच्या अगदी समोर आणून बसवलं. "काकू, इथं बसा. तुमाला दिसलं पाहिजे." हे मी केलं. दुसऱ्या कोणी नाही.

तो प्रसंग आला. पहिल्या दोन वाक्यांतच ओसरीवरची कुजबुज थांबली. त्यातल्या निम्म्या बाया बबनच्या मयताला होत्या. मला वाटलं, रंगल्या. मग बघते तर कोणीच टीव्हीकडे बघत नव्हतं. काकूंकडेही कोणी बघत नव्हतं. चाळीसएक बाया माना खाली घालून आपापल्या मांडीकडे बघत होत्या. टीव्हीतून माझा आवाज येत होता, त्या सकाळचं सांगत होता. काकू उठल्या, पदर सारखा केला, आणि माणसांतून वाट काढत निघून गेल्या. माझ्या खांद्यावर सत्काराची शाल होती.

घरी आल्यावर आई म्हणाली, "मयतातलं उचललंस तू, मंगल." ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याकडे घाबरल्यासारखी बघत होती.

मी तशीच शेजारी गेले. काकू अंगणात सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. मी पाय धरायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले.

"काकू, चुकलं माझं."

त्यांनी तुरीतला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मी ते माझ्या लेकराशी बोलले व्हते. तुझ्याशी न्हाई."

"व्हय काकू."

"आता मी वसमतच्या बाजारात गेले की बाया मला बघतील. कोणी काही बोलनार न्हाई. पर बघतील. तू माझ्या शेजारची, मंग मयताला नव्हत्या त्याहिला बी ठावं झालं ना, मी त्या दिवशी माझ्या लेकराला काय बोलले ते." त्यांनी सूप उचललं. "जाय. तुला लोक बोलावून राहिले."

त्यानंतर बारा वर्षं त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. भिंतीला मी बुक्की मारली नाही. मारून उत्तर आलं नसतं तर काय करायचं, याची भीती वाटायची.

मुंबईत परतले ती पहिल्याच शूटिंगला ग्लिसरीन मागितलं. मेकअपवाल्याला वाटलं गंमत करते आहे. मी ठरवलं होतं, यापुढे रडायचं ते बाटलीतलं. माणसाचं नाही. लोक म्हणाले बाईंचं पाणी आटलं. एका समीक्षकानं तसं छापलंसुद्धा, आणि खोटं कशाला बोलू, तो कागद मी आठवडाभर उशीखाली ठेवला होता. निर्माते मात्र ऐकेनात. जो येई तो म्हणे, "त्या सिनेमातलं तुमचं ते रडणं आहे ना, अगदी तेच हवं." मी नाही म्हणत गेले. कामं कमी झाली. मग टीव्हीवर रोजच्या मालिका सुरू झाल्या आणि मला खाष्ट सासू मिळाली. रडणाऱ्या बाईची मी रडवणारी बाई झाले आणि सुटले. सहा वर्षं तीच मालिका केली. संवाद सेटवर ऐन वेळी यायचे, कधी कधी पान प्रिंटरमधून निघालेलं, गरमच असायचं, आणि मी ते पाठ करता करता सुनेच्या ताटातली पोळी काढून घ्यायची.

त्या सासूनं मला जे प्रेम दिलं ते आधीच्या नऊ मुलांनी दिलं नव्हतं. एकदा हिंगोलीच्या बसस्टँडवर पुसेगावकडच्या तांड्यावरची एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. साठीची असेल. तिनं माझं मनगट धरलं आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "त्या पोरीला काहून छळून राहिली तू? तिला माय न्हाई म्हणून?" मी म्हटलं, "मावशी, ते नाटक आहे." ती म्हणाली, "नाटक हाय ते मला बी ठावं हाय. पर तिला जेवू घाल." मी म्हटलं, घालते. तिनं मनगट सोडलं नाही. "कवा?" शेवटी सोमवारपासून असं कबूल केलं तेव्हा सुटका झाली. मुंबईला जाऊन मी लेखकाच्या मागे लागले आणि सुनेला एक दिवस पोटभर जेवू घातलं. त्या बाईनं बघितलं असेल अशी आशा आहे.

दर दिवाळीला गावी जायची. फराळाचा डबा आईच्या हातून काकूंकडे पाठवायची. डबा परत येई तो रिकामा नसे. कधी शेंगा, कधी हरभऱ्याची डाळ. पण मी अंगणात आले की काकू आत जात. आई म्हणायची, "तू चूक मानलीस हे तिला कळतंय. पर तिला तकलीफ झाली ती झालीच ना." मी काकूंना त्या बारा वर्षांत लांबूनच म्हाताऱ्या होताना पाहिलं.

मग आई गेली. संध्याकाळी फोन आला, रेल्वेनं नांदेड गाठलं, तिथून जीप केली. मी पोचले तेव्हा भर दुपार झाली होती आणि सगळे माझ्यासाठीच थांबले होते. आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आईला ओळखणारी माणसं होती, पण आखाडा बाळापूरपासूनची अनोळखी माणसंही आली होती. ती सासू येणार, ती रडणार, हे बघायला. नवेनवे कॅमेऱ्याचे मोबाइल निघाले होते, पाचसहा हात वर झाले. कोणीतरी ओरडलं, "जागा करा, जागा करा," अगदी आमच्या सेटवर ओरडतात तसं.

मी जीपमधून उतरले. आणि आता जे लिहिते आहे ते लिहायची मला आजही लाज वाटते. ऊन डावीकडून येत होतं. मी तोंड डावीकडे वळवलं. ठरवून नाही, वळलं ते आपोआप. चेहरा उजेडात पाहिजे, केसांची सावली पडायला नको, हे माझ्या मानेला इतक्या वर्षांत पाठ झालेलं. माझी आई अंगणात निजवलेली होती आणि मी चेहरा उजेडात आणून उभी होते. हे माझ्या लक्षात आलं. रडू येईना. शब्द येईना. पाऊल उचलेना. आईला शेवटचं काही न बोलताच नेतील, एवढंच डोक्यात होतं. मागे कोणीतरी पुटपुटलं, "आता रडंल बघ."

आईच्या उशाशी गयाकाकू बसल्या होत्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"काय बघून राहिले रे?" एवढ्याशा म्हातारीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "माय मेली तिची! व्हा बाजूला!"

त्या सरळ माझ्याकडे आल्या, डोक्यावरचा पदर काढला आणि माझ्या डोक्यावरून, तोंडावरून खाली ओढला. बाहेरचं सगळं दिसेनासं झालं. मला तशीच दाबून धरून त्यांनी आईजवळ नेलं, खाली बसवलं आणि आपल्या अंगाखाली घेतलं. पदरात अंधार होता, लुगड्याला हळदीचा वास होता. आणि मग काकू मोठ्यानं बोलून रडायला लागल्या. "मैतरनी, मला एकटीला टाकून चालली का गं, आता भिंतीपल्याड मी कोनाला हाक मारू..." त्यांचा आवाज चढत गेला. लोकांना त्यांचंच ऐकू येत होतं. लोक त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी ते मुद्दाम केलं की त्यांना खरंच भरून आलं होतं, मला माहीत नाही. दोन्ही असेल.

त्या आवाजाच्या आडोशाला मी आईशी बोलले. सगळं बोलले. इतक्या वर्षांचं साठलेलं, सांगायचं राहिलेलं, माफी मागायची राहिलेली. काकूंचा कान माझ्या तोंडाशी होता. त्यांनी एकूणएक शब्द ऐकला.

तेरावा झाला आणि निघायच्या दिवशी मी त्यांच्या अंगणात गेले. या वेळी त्या आत गेल्या नाहीत. चहा टाकला. मी म्हटलं, "काकू, त्या दिवशी मी पदराखाली जे बोलले..."

"कवा?" त्यांनी बशीत चहा ओतला. "मला काई याद न्हाई. घे, थंड होतोय."

मी बशी हातात घेऊन तिथेच हमसून हमसून रडले. काकूंनी साखरेचा डबा पुढे सरकवला.

हा लेख लिहायच्या आधी मी त्यांना फोन केला. आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाला कमी येतं, पण मुद्दा बराबर समजतो. तुमच्याबद्दल लिहू का, विचारलं. म्हणाल्या, "लिही. माझं लेकराशी बोलनं सोडून सारं लिही." मी त्यांचं ऐकलेलं आहे. पुरस्कार, शाली, लोकांचं प्रेम, मला आयुष्यात खूप मिळालं आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या दुपारी आईशी मी काय बोलले हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. त्या बाईचं मी सगळ्या महाराष्ट्राला ऐकवलं होतं, आणि माझं तिनं आजवर माझ्यासमोरसुद्धा कधी काढलेलं नाही.